गोठ्यात टांगलेलं कार्ड: नॉर्वेच्या तांबड्या गायीचं प्रकरण

दुधाची गाय म्हातारी होऊन गोठ्यातून जाते, असं क्वचितच घडतं. ती जाते कारण चार कांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) भरूनही उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, एक सड दगडीत, म्हणजे कासेच्या सुजेत, गेलेला असतो, खूर दुखतो म्हणून गव्हाणीपाशी उभं राहवत नाही, किंवा व्याल्यावर वार अडकली आणि त्यातून ती सावरलीच नाही. गायीचं नैसर्गिक आयुष्य वीस वर्षांच्या घरातलं. दूधधंद्यात पुढारलेल्या बहुतेक देशांत मात्र पहिल्यांदा व्याल्यापासून गोठा सोडेपर्यंत तिला अडीच ते चार वर्षं मिळतात. त्याआधी दोन वर्षं कालवड म्हणून तिला बसून खाऊ घातलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय पहिलारू गायीपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त दूध देते. म्हणजे खर्च फिटून कमाई सुरू व्हायची त्याच सुमारास दावं सुटतं.

मग जास्त टिकणाऱ्या गायीच का पैदा करू नयेत? पैदासकाराची अडचण अशी, की गाय किती टिकली हे ती गेल्यावरच कळतं. तोपर्यंत तिच्या बापाच्या हजारो मुली गोठ्यांत आलेल्या असतात. शिवाय ‘टिकणं’ हा दुधासारखा एक गुणच नव्हे. ती न जाण्याच्या दहा कारणांची बेरीज आहे. त्यामुळे टिकाऊपणासाठी पैदास करायची तर त्या कारणांवर करावी लागते: कासदाह (म्हणजेच दगडी), गाभण राहणं, खूर, व्यायल्यानंतरची दुखणी. आणि ही कारणं आईबापांकडून फारच थोडी उतरतात. दुधाच्या उताऱ्यातल्या फरकांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त आनुवंशिक असतो. कासदाहाच्या बाबतीत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीचे सत्त्याण्णव टक्के गोठ्यातला चिखल, धार काढणाऱ्याचा हात, यंत्राचा दाब, ऋतू आणि नशीब यांचे.

तीन टक्क्यांवर कोण मेहनत घेणार? त्या काळचा सर्वसाधारण सल्ला होता की पैदास दुधासाठी करा, रोग व्यवस्थापनाने आवरा. १९७०च्या दशकात नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी तो मानला नाही, आणि त्यांचं पुढे काय झालं हे प्रकरण त्यासाठीच मांडण्यासारखं आहे.

ही गाय म्हणजे नॉर्वेजियन रेड, तिथल्या भाषेतलं आद्याक्षरी नाव एनआरएफ. तिची पैदास संघटना १९३५ साली उभी राहिली. स्थानिक नॉर्वेजियन जाती, आयर्शायर, स्वीडनची तांबडी-पांढरी, पुढे थोडं फ्रिजियन, असं बरंच रक्त तिच्यात मिसळलेलं आहे. शुद्धतेचा हट्ट संघटनेने कधीच फारसा धरला नाही. आज या संघटनेचं नाव गेनो. मुख्यालय हामार शहरात, मालकी दूध उत्पादक शेतकऱ्यांची. म्हणजे कांडी विकत घेणारा आणि कोणता वळू ठेवायचा हे ठरवणारा एकच माणूस. कांडी विकून नफा काढणाऱ्या कंपनीला वळूच्या मुलींचं दूध दाखवून गिऱ्हाईक मिळतं. त्या मुलींच्या औषधपाण्याचं बिल तिच्याकडे येत नाही. इथे ते बिल येत होतं.

१९७२ साली नॉर्वेने निवड निर्देशांकात, म्हणजे वेगवेगळ्या गुणांना वजन देऊन वळूंची क्रमवारी लावणाऱ्या एकत्रित आकड्यात, प्रजननक्षमता घातली. वळूच्या मुलींना रेतन केल्यावर ५६ दिवसांत त्या पुन्हा माजावर आल्या की नाही, एवढी साधी नोंद त्यासाठी पुरत होती. तुलनेला अमेरिकेचा राष्ट्रीय निर्देशांक घ्या. त्यात उत्पादक आयुष्य आणि दुधातल्या पेशींचं प्रमाण (कासेच्या सुजेची खूण) १९९४ साली आलं, तर मुलींची गाभण राहण्याची क्षमता २००३ साली. या तीस वर्षांत तिकडच्या होल्स्टीन या काळ्या-पांढऱ्या दुधाळ जातीचं दूध चढत गेलं आणि गाभण राहणं घसरत गेलं. मुद्दाम कोणी वांझ गाय पैदा केली नाही. दूध आणि प्रजनन यांचं आनुवंशिक नातं उलटं आहे. तराजूच्या एकाच पारड्यात वजन टाकलं की दुसरं आपोआप वर जातं.

प्रजननाची नोंद रेतन करणाऱ्याकडे असतेच. रोगाची कोणाकडे असते? १९७५ साली नॉर्वेत देशभर आरोग्य कार्डाची पद्धत सुरू झाली. प्रत्येक गायीमागे एक कार्ड, ते गोठ्यातच ठेवलेलं. पशुवैद्य आला, तपासलं, औषध दिलं, की तारीख, निदान आणि उपचार कार्डावर लिहायचे. कार्डावरची माहिती महिन्याच्या दूध नोंदीबरोबर एकाच ठिकाणी जमा व्हायची, आणि गायीच्या क्रमांकावरून तिचा बाप कळायचा. फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क यांनी अशी पद्धत नंतर उभी केली.

हे कार्ड भरलं गेलं यामागे शेतकऱ्यांची शिस्त होती असं समजायला आवडतं, पण मोठं कारण कायद्याचं आहे. नॉर्वेत प्रतिजैविक पशुवैद्यानेच द्यायचं, सडात घालायची ट्यूब शेतकऱ्याने दुकानातून आणून घालायची नाही. त्यामुळे कासदाहाची जवळजवळ प्रत्येक केस एका लिहित्या माणसाच्या हाताखालून जायची. आमच्याकडे पशुवैद्यक शिकलेल्या कोणालाही हे वाक्य वाचून हसू आणि हेवा एकदमच येईल.

आता त्या तीन टक्क्यांचं गणित. वळूला स्वतःला कासदाह होत नाही, त्याच्या मुलींवरून त्याचा अंदाज बांधायचा. अंदाज किती भरवशाचा हे ० ते १ अशा मापाने मोजतात. दुधासारख्या, पाव हिस्सा आनुवंशिक असलेल्या गुणासाठी वीस मुली तपासल्या तरी भरवसा ०.७६ पर्यंत जातो. कासदाहासाठी त्याच वीस मुलींवरून तो ०.३६ येतो, म्हणजे जवळपास अंधारात तीर. पण मुली शंभर केल्या की ०.६६, आणि अडीचशे केल्या की ०.८१. गुण कमी उतरणारा असेल तर मुली वाढवा, एवढंच याचं उत्तर. नॉर्वेने तेच केलं. चाचणीतल्या प्रत्येक वळूच्या दोनशे ते तीनशे मुली होतील इतक्या कांड्या देशभर वाटायच्या, मुली व्यायच्या, कार्डं भरायची, आणि मग चाचणीतल्या सगळ्या वळूंमधले थोडेच पुढे न्यायचे. तोवर वळू म्हातारा झालेला असायचा किंवा गेलेलाही. त्याचं वीर्य तेवढं गोठवून ठेवलेलं.

लहान गोठे इथे उपयोगी पडले. त्या काळी नॉर्वेत एकेका दावणीला गायी थोड्याच असत. म्हणून एका वळूच्या अडीचशे मुली जवळजवळ तितक्याच वेगवेगळ्या गोठ्यांत विखुरल्या जायच्या. एखाद्या गोठ्यात धार गलथान, एखाद्यात लख्ख. असे फरक एकमेकांना कापून टाकत आणि शिल्लक राहायचा तो बापाचा वाटा. दोन-पाच गायींच्या गोठ्यांवर संशोधन होत नाही असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. इथे गोठे लहान असणं हेच बळ होतं, अट फक्त नोंदीची.

१९७८ साली कासदाह निर्देशांकात दाखल झाला. आणि मग बारा वर्षं काहीच झालं नाही.

या प्रकरणाचा माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच, आणि नेमका तोच सांगताना गाळला जातो. नोंदी होत्या, वळूंचे आकडे निघत होते, कासदाह यादीत होता. तरी १९९०च्या आसपासपर्यंत जन्मलेल्या गायींमध्ये आनुवंशिक सुधारणा जवळपास दिसत नाही. कारण यादीत नाव होतं, वजन नव्हतं. दूध जास्त देणाऱ्या गायीत कासदाहाचा कल थोडा जास्त असतो, हे आनुवंशिक नातं ठाऊक आहे. निर्देशांकात दुधाचं वजन मोठं आणि कासदाहाचं चिमूटभर असेल, तर ते चिमूटभर वजन दुधाने ओढलेली घसरण थोपवण्यातच खर्च होतं. गाडी चढावर, ब्रेक हलकासा दाबलेला. ती मागे गेली नाही एवढंच. १९९०च्या दशकात कासदाहाचं वजन कितीतरी पटींनी वाढवलं, दूध एकूण निर्देशांकाच्या पाव भागाच्या आसपास आणलं, तेव्हा आलेख वळला. १९९०नंतर जन्मलेल्या गायी दरवर्षी थोड्या थोड्या, पण न चुकता सुधारत गेल्या.

हे धाडस नॉर्वेच्या शेतकऱ्यांना परवडलं याचंही कारण आहे. तिथे १९८३पासून दुधावर कोटा होता. ठरल्यापेक्षा जास्त दूध घातलं तर भाव पडणार. ज्याला बादली वाढवता येत नाही, त्याला पैसे वाचवण्यासाठी खर्चच कमी करावा लागतो: औषध, फेकलेलं दूध, वाया गेलेली कालवड. दुधाच्या कॅनवर मर्यादा नसती तर याच सहकारी संघटनेने हाच निर्णय घेतला असता का, याबद्दल मला शंका आहे.

१९९०च्या मध्यापासून नॉर्वेत कासदाहाचे उपचार झपाट्याने घटले. याचं सगळं श्रेय पैदाशीला दिलं तर ते खोटं ठरेल. १९८२पासून कासदाह नियंत्रणाची स्वतंत्र मोहीम चालू होती, दुधातल्या पेशी वाढल्या की भाव कापला जात होता, आणि किरकोळ केसमध्ये लगेच प्रतिजैविक द्यायचं नाही असा पशुवैद्यांचा कलही बदलला होता. या तिन्हींमधून पैदाशीचा वाटा वेगळा कसा काढायचा?

त्यासाठी प्रयोग झाला. एकाच जातीच्या गायींचे दोन वंश वेगळे चालवले. एकासाठी वळू निवडायचे ते दुधातल्या प्रथिनांच्या उत्पादनावर, दुसऱ्यासाठी कमी कासदाहावर. देखभाल दोन्हींची सारखीच. गायींच्या पाच पिढ्यांनंतर दोन वंशांत कासदाहाच्या प्रमाणात आनुवंशिक फरक पडला तो १० टक्के बिंदूंचा. सोप्या शब्दांत, शंभर गायींमागे दहा गायी एका वंशात आजारी पडणार आणि दुसऱ्यात नाही. तेही तीन टक्क्यांच्या गुणावर. शिवाय कमी कासदाहाच्या वंशात कीटोसिस (व्याल्यावर शरीरातली ऊर्जा कमी पडून होणारं दुखणं) आणि वार अडकणंही कमी निघालं, ज्यासाठी कोणी निवड केलीच नव्हती. दुखणी एकमेकांचा हात धरून येतात, जातानाही तशीच जातात.

कमी आनुवंशिकता म्हणजे आनुवंशिक फरकच नाही, असा घोटाळा शिकलेल्या माणसांचाही होतो. आनुवंशिक फरक भरपूर असतो, तो गोंगाटात बुडालेला असतो. गोंगाट इतका मोठा की टक्केवारी तीनच दिसते. अडीचशे मुली म्हणजे त्या गोंगाटात कान देऊन ऐकणं.

ही गाय नॉर्वेबाहेर गेली तेव्हा खरी कसोटी लागली. आयर्लंडमध्ये दूधधंदा चराईवर चालतो. गवत वाढतं त्या हंगामाआधी सगळा कळप थोड्या आठवड्यांत व्यायला हवा, म्हणजे दरवर्षी ठरलेल्या काळातच गाय गाभण राहायला हवी. उशीर झाला की ती कळपातून बाद. मूरपार्कच्या संशोधन केंद्राने व्यावसायिक गोठ्यांवर होल्स्टीन-फ्रिजियन आणि नॉर्वेजियन रेडची तुलना केली. नॉर्वेजियन रक्ताच्या गायी गाभण राहण्यात सरस निघाल्या. उत्तर आयर्लंडमधल्या गोठ्यांवर पाच वेतांपर्यंत चाललेल्या दुसऱ्या तुलनेत होल्स्टीनने प्रत्येक वेताला दूध जास्त दिलं, पण वांझपणामुळे जास्त गायी गमावल्या त्याही होल्स्टीननेच, आणि सहाव्यांदा व्यायला पोचलेल्या गायींचं प्रमाण नॉर्वेजियन बाजूला जास्त होतं.

उंचीबद्दल एक आडवाट घेतो, कारण बाजारात गाय पाहताना आपला डोळा आधी तिथेच जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने १९६६ साली होल्स्टीनचे दोन वंश सुरू केले, एक थोराड देहाच्या वळूंवर, दुसरा लहान देहाच्या. दुधासाठी दोन्हींकडचे वळू सारखेच चांगले निवडायचे. दशकानुदशकं चाललेल्या या प्रयोगात दूध दोन्हींचं सारखंच राहिलं आणि लहान देहाच्या गायी गोठ्यात जास्त काळ टिकल्या. मोठं शरीर पोसायला चारा लागतोच. प्रदर्शनात मात्र बक्षीस अजूनही उंचपुऱ्या गायीलाच मिळतं.

आता या प्रकरणातली गैरसोयीची बाजू. इतकं सगळं करूनही नॉर्वेतली सरासरी गाय फार जगत नाही. ती तीन वेतंही पुरी न करता गोठ्यातून जाते. निरोगी असूनही! कारण नॉर्वेजियन रेड दुधाबरोबर मांसासाठीही पाळली जाते, आणि कळप जितका निरोगी तितक्या जास्त कालवडी जगतात, तयार होतात. नवी कालवड दारात उभी असली की शेतकरी चौथ्या वेताच्या ठणठणीत गायीलाही बाहेर काढतो. नवीची आनुवंशिक पातळी वर असते आणि जुनीला कत्तलखान्यात बरा भाव येतो. अमेरिकेतही तेच. उत्पादक आयुष्याची आनुवंशिक पातळी कित्येक वर्षं चढत आहे, पण दरवर्षी कळपातल्या एक तृतीयांशाहून जास्त गायी बदलल्या जातात. पैदास गायीला टिकण्याची ताकद देते. टिकू द्यायचं की नाही हे कालवडीची किंमत ठरवते.

आणि नेमकं इथेच महाराष्ट्राचं गणित नॉर्वेपेक्षा वेगळं होतं. २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यात गोवंशाच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे. निरुपयोगी गायीला नॉर्वेत जो भाव मिळतो तो इथे मिळत नाही, आणि भाकड गाय चारा खातच राहते. म्हणजे गाय अकाली बाद होण्याचा भुर्दंड इथल्या शेतकऱ्याला नॉर्वेच्या शेतकऱ्यापेक्षा जास्त बसतो. टिकाऊपणाची किंमत ज्या प्रदेशात सर्वाधिक असायला हवी तो खरं तर संगमनेर, राहाता, बारामती, फलटण असा संकरित गायींचा पट्टा आहे. तरीही कांडी निवडताना विचारतात ते एकच: आई किती लिटरची? वळूच्या मुली तिसऱ्या वेतापर्यंत किती टिकल्या, हे विचारलं तर उत्तर द्यायला माहिती नसते.

माहिती अजिबात जमत नाही असं नाही. जनावराच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला आता गोठ्यागोठ्यांत दिसतो, आणि भारत पशुधन या यंत्रणेत त्या क्रमांकावर रेतन, वेत, लसीकरण, उपचार नोंदवायची सोय आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली संकरित होल्स्टीनच्या संतती चाचण्या (मुलींवरून वळू पारखणं) चालतात, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने देशी आणि संकरित गायींसाठी जनुकीय चिप बनवल्या आहेत. चिपचा मोह मोठा आहे: वासराच्या केसाच्या मुळावरून त्याचं भविष्य सांगायचं, अडीचशे मुलींची वाट बघायची नाही. नॉर्वेनेही २०१६ साली संतती चाचणी सोडून जनुकीय निवड धरली. पण चिप स्वतः काहीच जाणत नाही. कोणता जनुकीय तुकडा कासदाहाशी जोडलेला आहे हे तिला आधी शिकवावं लागतं, आणि नॉर्वेत ते चार दशकांच्या त्या कार्डांनी शिकवलं. दुधाच्या नोंदी दिल्या तर चिप दुधाचंच भाकीत करेल.

आपल्याकडच्या कासदाहाच्या केसची वाट पाहा. सकाळी धारेत गाठी दिसल्या, कास दगडासारखी लागली. पहिला उपाय घरचा: कोरफड, हळद, चुना यांचा लेप, जो दुग्धविकास मंडळही सुचवतं आणि पुष्कळदा गुण देतो. नाही उतरलं तर मेडिकलमधून ट्यूब. त्यानेही नाही तर गावातला खासगी रेतन करणारा एक इंजेक्शन देऊन जातो. पशुवैद्य येतो तो चौथा, तोवर सड गेलेला असतो. या चार पायऱ्यांपैकी लेखी नोंद झालीच तर शेवटच्या पायरीवर, आणि पहिल्या पायरीवर बरी झालेली गाय कागदावर कधी आजारीच पडलेली नसते. अशा नोंदींवरून वळूंची क्रमवारी लावली, तर ज्या वळूच्या मुली दवाखान्याजवळच्या गावांत आहेत तोच रोगट ठरेल.

म्हणून नॉर्वेची नक्कल करायची तर वळू आयात करून भागत नाही. कार्ड आयात करायला हवं, आणि ते पशुवैद्याच्या हातात न देता दूध संकलन केंद्रावर ठेवायला हवं. दिवसातून दोनदा तिथे प्रत्येक गोठ्याचं दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लावून पावती निघते. कोणाचं दूध आज ट्यूब घातल्यामुळे आलं नाही, हे केंद्रचालकाला त्याच सकाळी कळतं. बिल्ल्याचे बारा अंक आणि ‘दगडी, डावा मागचा सड’ एवढं त्याने वहीत लिहिलं तरी ती नोंद दवाखान्याच्या नोंदीपेक्षा आधीची आणि जास्त खरी असेल. एका वळूच्या अडीचशे मुली दोन-तीन तालुक्यांत सहज सापडतात. त्या कोणाच्या मुली, हे मात्र रेतन करणाऱ्याने कांडीवरचा क्रमांक त्याच दिवशी बिल्ल्यासमोर लिहिला असेल तरच सांगता येईल, आणि रिकामी कांडी बहुधा गोठ्याच्या कुडात खोचलेली सापडते.